फोटोवाल्याची पेटी कुणाची?



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, आमच्या गटात कुठे कोण फोटोग्राफर आहे? पण जरा आठवून बघा. तुमच्या लग्नाचे फोटो कुणी काढले? दहावीच्या फॉर्मवरचा फोटो? भिंतीवर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो आहे, तो कुठल्या जुन्या ग्रुप फोटोतून उचलून कुणी मोठा करून दिला? तालुक्याच्या बाजारात, एसटी स्टँडच्या आसपास असा एखादा स्टुडिओ असतोच. तो चालवणारा माणूस म्हणजे आपल्यातल्याच कुणाचा तरी नवरा, सासरा, भाऊ. आणि आता तर आपल्या गटांतल्या मुलीही हळदीच्या, बारशाच्या ऑर्डरी घेतात. तो माणूस गेल्यावर त्याच्या दुकानातल्या पेट्यांचं काय होतं, ते आज बोलू.

काय काय असतं या पेट्यांत? कॅमेरे, लेन्स, फ्लॅश, तिपाई, मागचा रंगवलेला पडदा, हे तर दिसतंच. त्याशिवाय निगेटिव्हची पाकिटं, ज्यात नंबर आणि नावं लिहिली आहेत ते रजिस्टर, गिऱ्हाइकांनी कधी नेलेच नाहीत असे फोटो. अलीकडच्या वीस वर्षांतलं सगळं सीडी, मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्कवर.

आणि माणूस गेल्यावर काय होतं, तेही आपण पाहतो. दुकान भाड्याचं असतं. दिवस-कार्य उरकतं न उरकतं तोच जागेचा मालक विचारायला येतो. मुलं पुण्या-मुंबईला असतात, त्यांना चार दिवसांत परतायचं असतं. कॅमेरा कुणीतरी ओळखीचा मिळेल त्या किमतीला नेतो. बाकीचं भंगारवाला किलोवर नेतो. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये थोडी चांदी असते, म्हणून जुनी फिल्म विकत घेणारेही असतात. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. यातलं मोलाचं काय आणि टाकाऊ काय, हे सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो गेलेला असतो.

असं फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेतल्या शिकागो शहरातली एक खरी हकिगत सांगतो. व्हिव्हियन मायर नावाची बाई होती. १९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली, आई फ्रेंच. तिने जवळजवळ चाळीस वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळायचं काम केलं. मालकांच्या घरात राहायचं, पोरांना फिरायला न्यायचं, आणि गळ्यात सतत कॅमेरा. रस्त्यावरची माणसं, म्हातारी, भिकारी, दुकानांच्या काचा, स्वतःची सावली, असे लाखाच्या वर फोटो तिने काढले, आणि फारसे कुणाला दाखवले नाहीत. कितीतरी रोल तर धुतलेच नव्हते, धुवायला पैसे लागतात. घर बदललं की खोकी बरोबर. शेवटी ती खोकी तिने भाड्याच्या गोदामात ठेवली. म्हातारपणी भाडं थकलं. २००७ मध्ये गोदामवाल्यांनी सामानाचा लिलाव केला. ती तेव्हा जिवंत होती, त्याच शहरात होती!

लिलावात एक खोकं घेतलं जॉन मालूफ नावाच्या तरुणाने. त्याला आपल्या भागाच्या इतिहासाच्या पुस्तकासाठी जुने फोटो हवे होते. आपण काय घेतलंय हे त्याला हळूहळू कळलं. २००९ मध्ये त्याने तिच्या नावाचा शोध घेतला, तर ती नुकतीच वारल्याची बातमी हाती आली. आज तिच्या फोटोंची प्रदर्शनं जगभर भरतात, पुस्तकं निघाली आहेत, चित्रपट निघाला आहे. तिला त्यातलं एक टक्काही बघायला मिळालं नाही.

आता पुढचा भाग नीट ऐका. मालूफने निगेटिव्ह विकत घेतली होती, पावती होती. तरीही २०१४ पासून कोर्टात वाद सुरू झाला. का? निगेटिव्ह ही वस्तू झाली. त्या फोटोच्या प्रती काढून विकायचा हक्क ही वेगळी गोष्ट. वस्तू लिलावात गेली, पण हक्क तिचाच राहिला होता आणि तिच्यानंतर तो वारसांचा. तिने मृत्युपत्र केलेलं नव्हतं, नवरा नाही, मूल नाही. मग फ्रान्समध्ये दूरचे भाऊबंद शोधायची वेळ आली, ज्यांच्याशी तिचा काही संबंध उरला नव्हता. एका साध्या कागदावर दोन ओळी असत्या, तर हे सगळं टळलं असतं.

दुसरी बाई आपल्या देशातली. होमाई व्यारावाला. १९१३ मध्ये नवसारीला पारशी घरात जन्मल्या, मुंबईत वाढल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. सुरुवातीचे त्यांचे फोटो त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापून येत. बाईचं काम पुरुषाच्या नावावर, हे आपल्याला नवीन नाही. पुढे दिल्लीत त्यांनी स्वातंत्र्याच्या वेळचे सोहळे, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू, असं सगळं टिपलं. पती १९६९ मध्ये गेले, १९७० मध्ये त्यांनी काम थांबवलं. एकुलता मुलगा १९८९ मध्ये वारला. त्यानंतर त्या बडोद्याला एकट्या राहत होत्या, घरातली सुतारकामं, नळाची कामं स्वतः करत.

म्हणजे मागे सांभाळणारं कुणी नाही. पण होमाईबाईंनी वाट बघितली नाही. हयातीतच आपला सगळा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे दिला. २०१० मध्ये त्या फोटोंचं मोठं प्रदर्शन नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टच्या साथीने झालं, २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, आणि जानेवारी २०१२ मध्ये, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या असताना त्या गेल्या. आपल्या वस्तू कुठे आहेत, हे त्यांना माहीत होतं. फोटोत कोण आहे, कधीचा आहे, हे सांगायला त्या स्वतः होत्या. आमच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

तुम्ही म्हणाल, ती मोठी माणसं. आमच्या गावच्या स्टुडिओतल्या पासपोर्ट फोटोंना कोण विचारतं? तर तमिळनाडूत पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या अभ्यासकांनी छोट्या छोट्या गावांतल्या जुन्या स्टुडिओंचे फोटो आणि निगेटिव्ह गोळा करून त्यांची संगणकावर नोंद केली. त्यासाठी ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून मदत मिळाली. या योजनेत मूळ वस्तू त्याच देशात राहतात, बाहेर जाते ती फक्त संगणकावरची प्रत. तिथले लोक काय दागिने घालत, फोटोला कसे बसत, कोणाच्या मांडीवर मूल असे, हे सगळं त्यातून कळतं. आणि राजा दीनदयाळ यांचंच बघा. निजामाचे फोटोग्राफर, मुंबईतही त्यांचा स्टुडिओ होता, १९०५ मध्ये मुंबईतच वारले. त्यांच्या स्टुडिओच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये विकत घेतल्या. चौऱ्याऐंशी वर्षं त्या काचा कुणीतरी न फोडता, न टाकता ठेवल्या, म्हणून.

आता आपल्या पेटीकडे येऊ. यात कुणाचं काय, ते सुटं करून बघायला हवं.

कॅमेरा, लेन्स, कपाट, संगणक हे सरळ त्याच्या मालकीचं. यावरूनच घरात भांडणं होतात, आणि खरं तर हीच पेटीतली सगळ्यात कमी मोलाची गोष्ट. दहा वर्षं जुन्या डिजिटल कॅमेऱ्याला बाजारात फार काही येत नाही.

निगेटिव्ह आणि फाइली या वस्तू म्हणून त्याच्याकडे असतात. पण त्यावरचा हक्क, ज्याला कॉपीराइट म्हणतात, तो नेहमी त्याचाच असेल असं नाही. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे, वेगळा करार केलेला नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे तुमच्या लग्नाच्या फोटोचा हक्क ज्याने ऑर्डर दिली त्याचा. स्टुडिओवाल्याच्या वारसांना तो फोटो जाहिरातीला विकता येणार नाही. पण त्याने स्वतःच्या मनाने काढलेले फोटो, म्हणजे जत्रेचे, वारीचे, दुष्काळाच्या छावणीचे, शेतावरच्या बायकांचे, त्यांचा हक्क त्याचा. तो त्याच्यानंतर वारसांकडे जातो आणि मरणानंतरची साठ वर्षं टिकतो. २०२४ साली गेलेल्या माणसाच्या अशा फोटोंचा हक्क २०८४ संपेपर्यंत राहील. २०१२ च्या आधी ही साठ वर्षं फोटो प्रसिद्ध झाल्यापासून मोजत, त्यामुळे फार पूर्वी छापून आलेल्या फोटोंवरचा हक्क संपलेलाही असू शकतो.

मग वारस कोण? मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. लग्न झालेल्या मुलीलाही. 'धंदा मुलाचा, बाईला त्यातलं काय कळतं' असं म्हणून कुणी आईला बाजूला बसवत असेल, तर ते कायद्यात बसत नाही. आणि कळत नाही हेही खोटं. कितीतरी स्टुडिओंत रजिस्टर बायकोने लिहिलंय, प्रिंट धुऊन तिने वाळत घातलेत, फोटोला आलेल्या नवरीचा पदर तिने नीट केलाय. नेमकं कुठल्या खोक्यात काय आहे, हे अनेकदा तिलाच ठाऊक असतं.

मुस्लीम कुटुंबात वाटे वैयक्तिक कायद्याप्रमाणे पडतात, आणि वारसांची संमती नसेल तर एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यातल्या मैत्रिणींचं आणखी वेगळं. तिथे लग्नाच्या वेळी दुसरा करार केलेला नसेल तर सहसा अर्धी मालमत्ता पत्नीचीच असते, त्यामुळे पतीला फक्त स्वतःच्या हिश्शाचं ठरवता येतं. तिथे मृत्युपत्र करायची रीतही निराळी आहे, ती तिथल्या नोटरीकडेच विचारावी.

मृत्युपत्र या शब्दाचीच भीती वाटते. मरणाची भाषा कशाला, म्हणतात. पण फोटोवाल्याला तुम्ही 'तुमच्यानंतर काय?' असं विचारूच नका. 'ह्या खोक्यात काय आहे?' एवढंच विचारा. दिवाळीच्या साफसफाईत खोकं खाली काढा, चहा ठेवा, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि एक एक फोटो हातात द्या. हा कोण? कुठल्या वाडीतला? बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा की नंतरचा? माणूस बोलत सुटतो. मग आपणहूनच म्हणतो, हे अमक्याला द्यायला पाहिजे. तेच कागदावर उतरवायचं.

कागद साधा चालतो, स्टँप पेपर लागत नाही. लिहिणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा. त्याने सही किंवा अंगठा करायचा, आणि दोन साक्षीदारांनी ते बघून सह्या करायच्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी, म्हणजे पुढे कुणाला हा कागद खोटा म्हणणं अवघड जातं. मन बदललं तर नवीन करता येतं, शेवटचं असेल ते खरं. मजकूर असा लिहिता येईल:

'माझे दोन्ही कॅमेरे आणि लेन्स माझी मुलगी अमुक हिला द्यावेत. माझी सर्व निगेटिव्ह, प्रिंट, हार्ड डिस्क आणि रजिस्टर माझी पत्नी अमुक हिच्या ताब्यात राहतील. माझ्या फोटोंवरचा माझा जो काही कॉपीराइट आहे तोही तिला मिळेल. गिऱ्हाइकांचे न नेलेले फोटो त्यांचे त्यांना परत द्यावेत. हे सर्व अमलात आणण्यासाठी मी अमुक यांना नेमतो.'

कॉपीराइटची ओळ विसरू नका. ती नसली की मायरबाईंच्या खोक्यांसारखं होतं. आणि बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून सगळं झालं असंही समजू नका. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक तो वारसच. सीझनमध्ये माणूस गेला असेल तर घेतलेल्या आगाऊ रकमाही असतात, ते रजिस्टर बघून ऑर्डरी दुसऱ्याला देणं किंवा पैसे परत करणं पहिल्या महिन्यातच उरकावं.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण ती आपल्या सगळ्यांची आहे. या पेटीत आपले फोटो आहेत. हळदीला नवरी तयार होत असतानाचे, एखादीचं लग्न मोडलं तिचे, एखादीने घरच्यांना न सांगता काढलेले. शिवाय आजकाल स्टुडिओवालाच झेरॉक्स काढतो, ऑनलाइन फॉर्म भरतो. त्यामुळे त्याच्या संगणकात गावभरच्या आधार कार्डांच्या, बँक पासबुकांच्या प्रती पडलेल्या असतात. तो संगणक जुना म्हणून तसाच विकला तर हे सगळं घेणाऱ्याच्या हातात गेलं. फाइल डिलीट केली म्हणजे गेली, असं नसतं. डिलीट केलेलं बऱ्याचदा परत काढता येतं. म्हणून संगणक विकायचा तर आतली हार्ड डिस्क काढून ठेवा. ठेवायची नसेल तर जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्या, नाहीतर हातोड्याने फोडूनच टाका. मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह यांचंही तेच. आणि फोटोवाल्याला काही पाकिटं कुणाच्या हाती न लागता नष्ट व्हावीत असं वाटत असेल, तर तो त्याचा मान आहे. फक्त कुठली, ते त्यानेच सांगून ठेवावं.

मोबाइलवरच्या फोटोंचं तर लवकर बघा. गूगलच्या खात्यात एक सोय आहे. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर त्यातले फोटो कुणाला मिळावेत, ते आधीच नोंदवता येतं. हे केलं नाही आणि खातं दोन वर्षं बंद पडलं, तर गूगल ते पुसूनही टाकू शकतं. मुलीला सांगा, सेटिंगमध्ये जाऊन करून देईल.

एखाद्या संस्थेला द्यायचं असेल तर आधी यादी करून विचारा. सगळ्यांना सगळं नको असतं, जागा त्यांच्याकडेही कमी. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुने कागद सांभाळतंय, तिथे विचारणा करता येईल. जवळच्या महाविद्यालयाचा इतिहास विभागही बघा. देताना लेखी घ्या: कोणत्या वस्तू दिल्या, फोटोखाली कुणाचं नाव येईल, घरच्यांना प्रती मिळतील का, संस्था बंद पडली तर वस्तू कुणाकडे. आणि खूप सारे फोटो गावातच वाटता येतात. ग्रामपंचायतीत किंवा गणपतीच्या मांडवात एक दिवस टेबलं मांडा, न नेलेले फोटो ठेवा, फोटोवाल्याला खुर्चीवर बसवा आणि ज्याचा फोटो त्याला घेऊन जाऊ द्या. बायकांच्या एकटीच्या फोटोंचं पाकीट मात्र टेबलावर मांडू नका, ते जिचं तिच्याच हातात द्या.

तोवर घरात जे आहे ते सांभाळायचं कसं? निगेटिव्ह कडेने धरा, बोटं मध्ये लावू नका. साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात ओल धरते. पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहा, आणि लिहून झाल्यावर मग फोटो आत घाला. एखाद्या खोक्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला तर फिल्म खराब होऊ लागली आहे, ते खोकं बाकीच्यांपासून लांब हलवा. काचेच्या निगेटिव्ह आडव्या रचू नका, कडेवर उभ्या ठेवा. कॅमेऱ्यातले सेल काढून ठेवा. चामड्याच्या कव्हरमध्ये बंद करून ठेवलेल्या लेन्सला बुरशी लवकर लागते. माळा आणि चुलीजवळची भिंत, या दोन्ही जागा वाईट. आतल्या खोलीतलं, जमिनीपासून वितभर वर असलेलं लाकडी फडताळ चांगलं.

कागद करताना अडचण आली तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रीला तिथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१०० या नंबरवर करा. जाताना रजिस्टर, वस्तूंची यादी आणि दुकानाचा भाडेकरार बरोबर न्या. भाडेकरार सापडत नसेल तर भाड्याच्या पावत्या चालतील, त्या बहुतेक गल्ल्याच्या खालच्या खणात असतात.